तिचा व्हर्स, माझं तोंड

"सेम टु सेम," डिरेक्टर सर म्हणाले. "आत्ता जे केलंस ना, एक्झॅक्टली तेच. फक्त अँगल बदलतोय."

आणि मला एकही ओळ आठवत नव्हती.

म्हणजे खरंच एकही नाही. दोन मिनिटांपूर्वी मी पन्नास माणसांसमोर सोळा ओळी फेकल्या होत्या, टाळ्या पडल्या होत्या, लाइटवाले दादा शिडीवरून खाली येऊन म्हणाले होते, "पोरा, काटा आला अंगावर." आणि ते जे काय मी बोललो होतो ते गेलं. हवेत. फ्रीस्टाइल असाच असतो, डोक्यातून तोंडात येतो, तोंडातून निघून जातो, मागे काही ठेवत नाही. सहा वर्षं मी हेच करत आलो होतो, खडकी स्टेशनबाहेर, कॉलेजच्या गेटवर, नदीकाठी, पोरांच्या गोलात उभं राहून. तिथे तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली की पोरं "शिळं! शिळं!" करून हाकलून देतात. आणि इथे शिळंच पाहिजे होतं. एकदा ताजं करायचं आणि मग दिवसभर तेच गरम करून वाढायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल, मी सकाळपासून व्हॅनिटीच्या आरशात स्वतःला बघण्यात बिझी होतो.

थांबा, आधी सांगतो कुठे होतो ते. खडकवासल्याच्या रस्त्याला एक बंद पडलेलं मंगल कार्यालय, त्याचा क्लब केला होता. वेबसिरीज. माझा रोल हिरोच्या मित्राचा, जो रॅप करतो. माझी एक रील कुणीतरी बघितली, ऑडिशनला बोलावलं, मी गेलो, झालं. बाबा फॅक्टरीत, आम्ही क्वार्टर्समध्ये राहतो, आमच्या आख्ख्या लाइनीत टीव्हीत दिसलेला माणूस नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "यात सुट्टी कधी असते?" मी म्हटलं, "बाबा, यात कामच कधीतरी असतं." ते म्हणाले, "मग बरं आहे, तुला जमेल."

तर त्या दिवशी तिसऱ्या एपिसोडचा सीन. माझं कॅरेक्टर स्टेजवर चढतं आणि आईवर रॅप करतं. मी कंटिन्युइटीवाल्या ताईंकडे धावलो. टेकमध्ये कुणी काय केलं, हात कुठे होता, ग्लास किती भरलेला होता, हे सगळं त्या लिहून ठेवतात.

"ताई, मी काय म्हणालो?"

त्यांनी टॅबमध्ये बघितलं. "जॅकेटची चेन अर्धी. उजव्या हातात माइक. डावा हात तिसऱ्या ओळीला वर."

"आणि शब्द?"

"शब्द माझ्याकडे कुठून असणार? स्क्रिप्टमध्ये 'तो आईवर रॅप करतो' एवढंच आहे." मग टॅब बंद करून, "लेखकाने तुझ्यावर सोडलंय."

साउंडवाले म्हणाले, ऐकवतो, पण कार्ड कॉपीला गेलंय, वीस मिनिटं लागतील. सरांनी खिडकीकडे बघितलं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं आणि त्यांना तेच ऊन पाहिजे होतं. "वीस मिनिटं नाहीयेत," ते म्हणाले. "पहिला टेक विसर. नवीन कर. पण आता जे करशील ते धरून ठेव. आणि नेटवर आधी आलेलं काही नको, लीगलवाले माझा जीव खातील. आईवर. चल."

माझी सगळी गाणी नेटवर होती. आणि आईवर माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे खरंच, सहा वर्षांत पोलीस, पाणी, ब्रेकअप, बस, नोकरी, सगळ्यांवर लिहिलं, आईवर एक ओळ नाही.

पण एक व्हर्स मला पाठ होता. सोळाच्या सोळा ओळी, श्वास कुठे घ्यायचा त्याच्यासकट. तो आईवर होता, नेटवर नव्हता, कुठेच नव्हता. फक्त तो माझा नव्हता.

"अॅक्शन," सर म्हणाले.

आणि मी तो म्हटला.

आता पार्टनरबद्दल सांगायलाच लागेल. आम्ही दोघं जोडीने करतो. करायचो. ती आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या वस्तीतली, शाळेपासूनची मैत्रीण, आता हिंजवडीत एका कंपनीच्या सपोर्टमध्ये, सकाळी सातला कंपनीची बस. तिचे सगळे व्हर्स बसमध्ये लिहिलेले. ट्रॅफिक जेवढा जास्त तेवढा व्हर्स भारी. स्टेजवर एकजण रॅप करतो तेव्हा दुसरा बॅकअप देतो, म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासोबत म्हणायचा, तेवढ्यात पहिल्याला श्वास घेता येतो. त्यामुळे तिचं सगळं मला पाठ आणि माझं सगळं तिला. काही वेळा तर ओळ नक्की कुणाची यावरून भांडणं व्हायची.

पण या व्हर्सवर भांडण शक्यच नव्हतं. तो तिच्या आईवर होता. मी त्यांना मावशी म्हणतो. मावशी हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करतात, आणि वस्तीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. कुणाच्या पोरीला शाळेने दाखला दिला नाही की मावशी पदर खोचून निघाल्या. आमच्या विहारातल्या भिंतीवर पहिला शब्द 'शिका' आहे, आणि वस्तीतल्या निम्म्या पोरींना तो मावशींनी ओरडून ओरडून डोक्यात घातलाय. पार्टनर कंपनीत लागली तेव्हा मावशींनी गल्लीभर पेढे वाटले.

आणि मावशींना वाचता येत नाही.

कुणालाच माहीत नव्हतं. विहारात वंदनेला त्या पुस्तक समोर धरून बसायच्या, गाथा सगळ्या तोंडपाठ, पान बरोबर वेळेवर उलटायच्या. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आळीपाळीने सगळ्या बायका वाचतात, मावशींचा नंबर आला की चष्मा घरी राहिलेला असायचा, नाहीतर घसा बसलेला, नाहीतर "नव्या पोरींना वाचू द्या गं, आम्ही किती दिवस वाचायचं?" स्वतःच्या पोरीलासुद्धा पत्ता नव्हता. पार्टनरला कळलं ते फोनमुळे. तिने कंपनीतून मेसेज केला, "आई, उशीर होईल," उत्तर आलं अंगठा. "आई, जेवून घे," अंगठा. मग एक दिवस, "आई, किल्ली कुठे ठेवलीस?"

अंगठा.

तर त्यावर तो व्हर्स. त्यातल्या दोनच ओळी इथे लिहितोय, तेवढ्याचीच परवानगी आहे:

किल्ली कुठंय विचारलं तर अंगठा पाठवते आई,
कागदावर नाही दिला कधी, हीच तिची लढाई.

पार्टनरने तो मला स्टेशनच्या पुलावर म्हणून दाखवला आणि लगेच म्हणाली, "हा कुठेच नाही टाकायचा. आधी आईला ऐकवणार. ती तयार झाल्यावर." कारण तेव्हा दोघींचं गुपचूप शिकणं चालू झालं होतं, सकाळी पाच ते साडेपाच, नळाला पाणी यायच्या आधी. बाराखडी झाली होती. जोडाक्षरं चालू होती. ठरलेलं असं होतं की या वर्षावासात एक दिवस मावशी स्वतःच्या डोळ्यांनी एक पान वाचणार, कुणाला न कळता, जसं काही नेहमीच वाचतात. आणि मग घरी आल्यावर तो व्हर्स.

आणि मी तो मंगल कार्यालयात पन्नास माणसांसमोर म्हटला.

पहिल्यांदा म्हणताना मी स्वतःला सांगितलं, हा एकच. नंतर सरांना सांगू, बदलू. मग क्लोजअप. मग खांद्यावरून. मग हिरो ऐकतोय तो अँगल, त्यात मी दिसतसुद्धा नव्हतो, तरी म्हणायचा. मग ट्रॉलीवर. अकरा वेळा. प्रत्येक वेळी "कट" झालं की माझं तोंड उघडायचं, सर, एक मिनिट, असं म्हणायला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन घाम पुसायचं किंवा पाठीवर थाप मारायचं. शेवटच्या टेकनंतर सरांनी मला मिठीच मारली. म्हणाले, "तुला माहितीये तू आज काय केलंयस?"

मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी पार्टनरचा मेसेज. "कसं झालं हिरो?" मी लिहिलं, "ठीक." तिने लिहिलं, "फक्त ठीक? दोन टाळ्या तरी?" मी लिहिलं, "दोन तरी." आणि फोन उलटा ठेवला.

पुढचे अडीच महिने मी असाच होतो. पार्टनर भेटायची, मावशींची प्रोग्रेस सांगायची. "काल 'प्रज्ञा' वाचलं रे! एका फटक्यात! 'ज्ञ'ला मीच अडखळते कधी कधी." मी म्हणायचो, वा. ती म्हणायची, "तुला काय झालंय? सेलिब्रिटी झाल्यापासून बोलत नाहीस." मी हसायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, एडिटमध्ये सीन उडेल. उडतात ना सीन? माझ्यासारख्या नवख्याचा सीन कोण ठेवतं? मी चक्क प्रार्थना करत होतो की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी काम कचऱ्यात जाऊ दे.

मग वर्षावास चालू झाला. आणि दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, डबिंगला या, कोथरूडला, तुमचा रॅप ट्रेलरमध्ये घेतलाय.

ट्रेलरमध्ये! शुक्रवारी ट्रेलर, आणि तो दिवस मंगळवार.

डबिंगची खोली म्हणजे एक कोंदट पेटी. समोर पडदा, मध्ये काच, काचेपलीकडे इंजिनिअर दादा. सेटवरचा आवाज घुमत होता म्हणून तोच रॅप परत म्हणून चिकटवायचा होता. त्यांनी क्लोजअप लावला. माझं तोंड एवढं मोठं, पूर्ण पडद्यावर, आणि त्यातून मावशी बाहेर पडत होत्या, चष्मा, पुस्तक, उलटलेलं पान, सगळं. वस्तीतल्या कुणीही बघितलं असतं तर दहा सेकंदात ओळखलं असतं. मंडळाच्या अध्यक्ष! 'शिका' म्हणणाऱ्या!

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"घसा बसलाय का? गरम पाणी देऊ?"

मी बाहेर आलो आणि सरांना फोन लावला. एका दमात सांगितलं, सर, तो व्हर्स माझा नाहीये. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग कुणाचा आहे?"

"माझ्या पार्टनरचा."

"तू माझ्याकडून अकरा टेक करून घेतलेस आणि आज सांगतोयस." मग, "ठीक आहे. तिची सही आण. श्रेय देऊ, नाव देऊ. बुधवारी संध्याकाळी पाचला फाइल जाते. पाचच्या आत सही, नाहीतर त्याच तोंडावर बसणारं दुसरं काहीतरी. सीन मी परत शूट करणार नाही."

म्हणजे आता तिला सांगण्यावाचून रस्ताच नव्हता. माझ्यात हिंमत आली वगैरे काही नाही, रस्ते संपले एवढंच.

ती बोपोडी चौकात बसमधून उतरते. मी तिथे तासभर उभा होतो. उतरली, मला बघून हसली, "अरे वा, हिरो स्वतः रिसीव्ह करायला!" आणि मी तिथेच, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, सगळं सांगून टाकलं. फार पटापट. मी घाबरलो की अजून फास्ट बोलतो.

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. "किती वेळा म्हटलास?"

"अं?"

"टेक. किती?"

"अकरा."

"अकरा." तिने मान हलवली. "माणूस एकदा चुकतो रे. अकरा वेळा प्रॅक्टिस करतो."

"ऐक ना, ते ऊन जात होतं आणि..."

"ऊन जात होतं. बरं." ती चालायला लागली. मी मागे. "आणि अडीच महिने? तेव्हा पण ऊन जात होतं?"

ती पुलापाशी थांबली, वळली नाही, पाठमोरीच म्हणाली, "सही देणार नाही. श्रेय नको, नाव नको, माझं नाव आलं की आईचं आलंच. उद्या सुट्टी टाकते. किती वाजता जायचंय?"

"तू येणारेस?"

"तुझ्यासाठी नाही."

बुधवारी सकाळी दहाला आम्ही त्या पेटीत. ती काचेच्या पलीकडे, इंजिनिअर दादांच्या शेजारी. क्लोजअप लागला. तिने पूर्ण बघितला, हाताची घडी घालून, आणि संपल्यावर माइकमधून एवढंच म्हणाली, "चांगला म्हटलायस." तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादांनी समजावलं. प, फ, ब, भ, म, या अक्षरांना ओठ मिटतात. पडद्यावर जिथे ओठ मिटतात तिथे नव्या ओळीतही यातलंच अक्षर हवं, जिथे तोंड मोठं उघडतं तिथे आ. नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. "कोडं आहे बघा," दादा म्हणाले. "सोळा ओळींचं. ऑल द बेस्ट."

"तू लिहिशील?" मी पार्टनरला विचारलं.

"मी? मी कशाला? तुझ्या आईवर लिही की. तुला पण आहे ना आई?"

माझ्या समोर कोरा कागद. अकरा वाजले. साडेअकरा. मला आईबद्दल काही म्हणजे काहीच सुचत नव्हतं. बावीस वर्षं एका घरात! शेवटी फोन लावला.

"आई, काय करतेयस?"

"काय करणार? मटकी निवडतेय. का रे? जेवलास का?"

"आई, तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"सांग ना!"

मटकीचं ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "घरात सगळे एकदम बोलतात ना, तेव्हा मला काय म्हणायचं असतं ते मी विसरते. मग तुम्ही झोपल्यावर आठवतं." आणि लगेच, "ठेव फोन, कुकर लावायचाय."

तिथून सुटलो मी. लिहीत गेलो, म्हणत गेलो, आणि काचेपलीकडून पार्टनर फक्त ओठ सांगत होती. माझे कमी, तिच्या जुन्या ओळींचेच. तिला पडद्याकडे बघायची गरजच नव्हती. "इथे प आहे. आता उघडं. उघडं. म. श्वास." आवाज एकदम सपाट, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा. एकही शब्द सुचवला नाही. चूक झाली की "नाही." बरोबर आलं की "पुढे." दोनला सहा ओळी. साडेतीनला अकरा. माझा घसा खरंच बसत चालला होता. सव्वाचारला पंधरा झाल्या आणि एक अडली, तीच, अंगठ्याची, कारण तिथे कॅमेरा ओठांवर होता आणि अंगठा म्हणताना तोंड जसं उघडतं तसं माझ्या आईच्या कुठल्याच शब्दाला उघडेना.

"एडिटला सांगून तिथे हिरोचा चेहरा टाकतील का?" मी विचारलं.

दादांनी एडिटला फोन केला. "नाही म्हणतात. ट्रेलर त्याच शॉटवर कापलाय."

चार पन्नासला मी म्हटलं, "आमच्या घरात सगळ्यात शेवटी बोलते माझी आई." शेवटी 'आई' होती म्हणून शेवट जुळला. मधलं नाही जुळलं. थोडंसंच, पण नाही.

सरांनी फोनवर ऐकलं. "आधीचं जास्त चांगलं होतं," ते म्हणाले. "हे बरं आहे. आधीचं जास्त चांगलं होतं." दोनदा म्हणाले. फाइल गेली.

बाहेर पडलो. मी म्हटलं, "थँक्स." ती म्हणाली, "रिक्षा वेगळी करू आपण."

शुक्रवारी संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन संपलं आणि माझ्या आईने, जिने आयुष्यात कधी माझं गाणं दुसऱ्यांदा ऐकलं नव्हतं, अंगणात सगळ्या बायकांना गोळा करून ट्रेलर लावला. तीन चार फोनवर एकदम. मी चपलांच्या मांडणीपाशी उभा, पार्टनर दारात. रॅप आला. बायका खूश. आई म्हणाली, "झोपल्यावर मला आठवतं ते आख्ख्या जगाला सांगितलं याने," आणि तोंडाला पदर लावला, पण लाजून, वाईट वाटून नाही.

मी म्हटलं, सुटलो.

मावशी म्हणाल्या, "परत लाव गं."

परत लावला. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "इथे याचं तोंड एक बोलतंय आणि आवाज एक."

"कुठे काय? काही नाही," बायका म्हणाल्या. "बारीक नजर बाई तुमची."

"आहे. 'आई' म्हणायच्या आधी. परत लाव."

मी पार्टनरकडे बघितलं. ती शेजारच्या बाईच्या फोनवर ट्रेलर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिला कळतही नव्हतं. आवाज माझ्या आईचं सांगत होता आणि पडद्यावरच्या माझ्या तोंडासोबत हिचं तोंड ती जुनी ओळ म्हणत होतं, सेम टु सेम.

मावशींनी फोनवरून मान वर केली आणि लेकीकडे बघितलं. ज्या बाईने आयुष्यभर कागदाऐवजी माणसांचे चेहरे वाचले, तिच्यापासून काय लपणार होतं? त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे.

"काय म्हणाला होता हा?"

"आई, घरी चल. सांगते."

"इथेच सांग."

"आई. घरी."

फोन माझ्या आईच्या हातात देऊन मावशी निघाल्या. चप्पल घालताना माझ्या अगदी शेजारी उभ्या होत्या. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि सकाळी साडेसहालाच बोपोडी चौकात जाऊन उभा राहिलो.

पार्टनर आली. डोळे सुजलेले.

"सांगितलंस?"

"म्हणून दाखवला. पूर्ण."

"मग?"

"मला वाटलं रडेल. नाही रडली. विचारलं, हा त्या पोराला पाठ कसा? मी म्हटलं, आम्ही सोबत प्रॅक्टिस करतो. मग विचारलं, त्याने किती वेळा म्हटला? मी म्हटलं, अकरा. मग म्हणाली, तू किती वेळा म्हटलास?"

मी मनात मोजायला लागलो.

"दोनशे वेळा तरी म्हटला असेल मी. बसमध्ये, पुलावर, तुझ्यासमोर. म्हणाली, त्याला शिव्या देतेस, पण मला न विचारता लिहिलास तो तू. दुसऱ्याला शिकवलास तो तू." तिने रस्त्याकडे बघितलं. बस सिग्नलला दिसत होती. "बरोबर आहे तिचं. म्हणून जास्त राग येतोय. तुझा पण."

"आणि व्हर्स?"

"आईकडे आहे. फोनमधून काढायला लावला. कागदावर लिहून मागितला, मोठ्या अक्षरात. म्हणाली, मला वाचता आला की मी ठरवेन."

बस आली. ती चढली. खिडकीची सीट रिकामी होती, तरी आतल्या बाजूला बसली.

पुढे दोन महिने आमचं बोलणं कामापुरतं. एक शो ठरला होता तो मी एकट्याने केला, ओळींच्या शेवटी धाप लागत होती. सिरीज आली, गेली. लोक म्हणाले, मुलगा दिसतो चांगला, रॅप ठीक. मला अजून एक रोल मिळाला, इन्स्पेक्टरचा, त्यात रॅप नाही.

वर्षावास संपला. मावशींनी विहारात पान वाचलं की नाही, मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. दिवाळीच्या आधी एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. मी गेलो तर पार्टनर भिंतीला टेकून बसलेली, तिलाही तसंच बोलावलेलं, आणि मावशींच्या हातात तो कागद, घडीवर फाटत आलेला. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. वाचायला लागल्या. बोट अक्षराखाली, एकेक शब्द सुटा, रॅपचा ताल वगैरे काही नाही, गॅसचं बुकिंग सांगतात तसं. एका जागी अडल्या. पार्टनरचं तोंड उघडलं. मावशींनी डोळे वटारले. ते मिटलं. मग त्यांनी तो शब्द स्वतःच काढला.

सोळा ओळी संपायला दहा मिनिटं लागली असतील.

मग त्यांनी पेन घेतलं आणि ओळी खोडायला लागल्या. हळूहळू, पट्टीने मारल्यासारख्या सरळ रेघा.

"ही खोटी आहे. मी कधी रडले नाही स्वयंपाकघरात." रेघ. "ही पण. बिचारी बिचारी काय लावलंय?" रेघ. "ही कुणाची? मी नाही ही." रेघ.

सात ओळी गेल्या. नऊ उरल्या. किल्लीच्या दोन्ही राहिल्या. मी धीर करून विचारलं, मला हे सगळं कधी लिहायचं असेल तर? त्या म्हणाल्या, लिही, त्या दोन ओळी घाल, बाकी नाही, आणि नाव कुणाचंच नको.

"स्टेजवर म्हणू का?" पार्टनरने विचारलं. किती हळू विचारलं, मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"नऊच आहेत ना अजून."

"मग बाकीच्या सात कोण लिहिणार?"

मावशींनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

"बघू," त्या म्हणाल्या.